समजीविता आणि आपण

(दार्सैत येथील जयंती समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध, महात्मा जोतीराव फुले आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून आम्ही विषयाकडे वळतो. "अडचणीचा काळ आणि साधी राहणी" हा विषय संयोजकांनी आम्हांस दिला. तो ऐकताच मनात प्रथम जो विचार आला तो खरे सांगावयाचे तर रागाचा होता. साध्या राहणीचा उपदेश आपल्या वाडवडिलांनी पुष्कळ ऐकला आहे. तो बहुधा पोट भरलेल्या माणसाने उपाशी माणसास केलेला असतो, आणि उपाशी माणसाने तो न ऐकल्यास पाठीवर काठी बसते, हाही आपल्या समाजाचा अनुभव आहे.

हे आम्ही अलंकारिक भाषेत बोलत नाही. 'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ सालच्या न होऊ शकलेल्या भाषणात बाबासाहेबांनी दोन घटना नमूद केल्या आहेत. १९२८ साली इंदूर भागातील सवर्णांनी बलाई समाजास काही नियम घालून दिले. जरीकाठी पागोटे बांधू नये, रंगीत वा नक्षीदार काठाचे धोतर नेसू नये, स्त्रियांनी सोन्याचांदीचा दागिना अंगावर घालू नये. दुसरी घटना जयपूर संस्थानातील चकवारा गावची, एप्रिल १९३६ ची. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य गृहस्थाने आपल्या जातभाईंना जेवण दिले आणि त्या जेवणात तूप वाढले. पंगत बसलेली असतानाच लाठ्या घेतलेला जमाव धावून आला, अन्नाची नासाडी झाली आणि जेवणाऱ्यांस मार बसला. अस्पृश्याच्या पानात तूप दिसले, एवढाच अपराध. तेव्हा साधेपणा हा शब्द उच्चारताना आपल्यासारख्यांनी तो कोणाच्या तोंडचा आहे हे आधी पाहून घ्यावे.

आमचा जन्म मराठवाड्यातला. १९७२ च्या दुष्काळात आमची आई आम्हांस पाठीशी बांधून खडी फोडावयास जात असे. अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर ते वर्ष निघाले. ही हकिगत सांगताना आईच्या बोलण्यात कसलाही गौरव नसे. "नव्हतं म्हणून नाही खाल्लं. त्यात काय मोठं?" एवढेच तिचे भाष्य. पुढे तेव्हाच्या औरंगाबादेत आम्ही वैद्यकीय शिक्षण घेत असता प्रसूतिकक्षात हिमोग्लोबिन सहा ग्रॅमवर आलेल्या स्त्रिया पाहिल्या. गरोदर स्त्रीच्या रक्तात ते निदान अकरा ग्रॅम असावे असे शास्त्र सांगते. त्या बायकांची राहणी अत्यंत साधी होती! दारिद्र्य ही व्याधी आहे, ती सद्गुण म्हणून मिरविता येत नाही, हा धडा आम्ही ग्रंथांआधी त्या खाटांजवळ शिकलो.

ग्रंथांतही तोच सापडला. १९५० साली महाबोधि सोसायटीच्या नियतकालिकात बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य या विषयावर लेख लिहिला. धर्म कसा असावा याच्या ज्या कसोट्या त्यांनी तेथे मांडल्या, त्यांतील एक अशी की धर्माने दारिद्र्यास पावित्र्य देऊ नये. ज्याच्यापाशी संपत्ती आहे त्याने ती सोडणे ही स्तुत्य गोष्ट असू शकेल. परंतु ज्याच्यापाशी काहीच नाही त्याच्या अवस्थेस धन्य म्हणणे ही फसवणूक होय, असा त्या विवेचनाचा आशय आहे.

मग बाबासाहेबांचे स्वतःचे जीवन साधे होते की नव्हते? त्यांचा कोट-पाटलोण पाहून त्या काळी नाके मुरडणारे थोडे नव्हते. ज्या समाजास नवे वस्त्र नेसण्याची बंदी होती, त्या समाजाच्या पुढाऱ्याने स्वच्छ, इस्त्रीचा पोशाख करणे हे एक विधानच होते. महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी, डिसेंबर १९२७ मध्ये, स्त्रियांपुढे बोलताना त्यांनी जे सांगितले तेही याच जातीचे. गळ्यात भाराभर गळसऱ्या आणि हातात कोपरापर्यंत गोट ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका, इतर स्त्रियांप्रमाणे लुगडे नेसा, स्वच्छ राहा. येथे त्यांनी अंगावरचा भार कमी करावयास सांगितले आणि त्याच वेळी मान वर करावयास सांगितले. काय टाकावे आणि काय घ्यावे हे ठरविणारी व्यक्ती स्वतः ती स्त्री असावी, हे त्यातील मर्म आहे असे आम्हांस वाटते.

१९२० साली ते दुसऱ्यांदा लंडनला गेले, तेव्हाच्या दिवसांची वर्णने चरित्रकारांनी लिहून ठेविली आहेत. सकाळी घरमालकिणीने दिलेला पावाचा तुकडा, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, रात्री एखादा भाजलेला पापड आणि एक गरम पेय. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ साली ग्रंथरूपाने आला तो या पापडावर. हा साधेपणा होय, कारण तो एका हेतूसाठी पत्करलेला होता. परंतु त्याच काळात मुंबईत माता रमाई जे जगत होत्या त्यास काय म्हणावे? एकामागून एक चार अपत्ये गेली. २७ मे १९३५ रोजी त्या स्वतः गेल्या. वैद्य म्हणून आम्ही हे वाचतो तेव्हा त्यागाच्या गौरवगीतांत आमचे मन रमत नाही. वेळीच औषध आणि पोटभर अन्न मिळाले असते तर, हाच विचार येतो. पाकिस्तानविषयीचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी १९४० साली रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेत त्यांनी तिच्या धैर्याची आणि मनाच्या थोरवीची कृतज्ञतेने नोंद केली, मात्र त्या दिवसांना त्यांनी साधेपणाचे दिवस म्हटले नाही. ते अभावाचे आणि विवंचनेचे दिवस होते असेच त्यांनी लिहिले. शब्दांच्या बाबतीत एवढा प्रामाणिकपणा आपणही पाळावा.

इतके बोलून झाल्यावर संयोजक म्हणतील की डॉक्टरांना साध्या राहणीवर बोलण्यास बोलाविले आणि ते तिच्या विरुद्धच बोलत सुटले. तसे नाही. येथवरचे बोलणे म्हणजे जखम धुऊन घेणे होते. आता औषधाकडे येतो, आणि ते औषध आम्हांस कोठे सापडले ते सांगतो.

मार्च २०२० अखेर येथील पैसे पाठविण्याची विनिमय-गृहे बंद झाली. १ एप्रिलपासून मत्रह विलायतीच्या वाटा रोखल्या गेल्या. आपले दार्सैत त्याच विलायतीत मोडते. एका अंगाला रूवी, दुसऱ्या अंगाला बंदर, मध्ये या उघड्याबोडक्या तपकिरी टेकड्या. एरवी रात्री उशिरापर्यंत गजबजलेला हा भाग इतका निःशब्द झाला की टेकडीवरच्या बकऱ्यांचा आवाज खिडकीत ऐकू येई. १४ एप्रिल आली. बाबासाहेबांची १२९ वी जयंती आपण सर्वांनी आपापल्या खोलीत साजरी केली. मंडळापाशी सभागृह, भोजन आणि रोषणाईसाठी जमविलेली रक्कम होती. तिचे तांदूळ, डाळ, तेल आणि औषधे झाली. त्याच महिन्यात या देशाने कोविडची तपासणी आणि उपचार सर्वांसाठी, ज्यांची कागदपत्रे पूर्ण नव्हती त्यांच्यासाठीही, विनामूल्य केले, याचा उल्लेख कृतज्ञतेने केलाच पाहिजे.

त्या दोन महिन्यांत एकाच इमारतीतील दोन बांधव आमच्या उपचाराखाली होते. त्यांची ओळख पटू नये म्हणून गाव-नाव सांगत नाही.

पहिले गृहस्थ एका कंपनीत पर्यवेक्षक. मोटार कर्जावर, पुण्यातील सदनिका हप्त्यांवर, शिवाय क्रेडिट कार्डे दोन. पगार एकाएकी निम्मा झाला. एका रात्री दोनच्या सुमारास त्यांच्या पत्नीचा फोन आला की छातीत कळ येते आहे, घाम सुटला आहे. आम्ही परवानापत्र दाखवून नाके ओलांडीत गेलो. हृदयाचा आलेख काढविला. तो निर्दोष होता. दुसऱ्या दिवशी ते हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मरणाची भीती नव्हती. पाच तारखेची होती." पाच तारीख म्हणजे हप्त्याची तारीख.

दुसरे गृहस्थ फिटर. करार संपलेला, नवा होण्याची चिन्हे नाहीत, एका खोलीत सहा जण. त्यांच्या उशाखाली एक वही असे. पगाराचे तीत चार भाग पाडलेले : घर, धाकट्या भावाचे शिक्षण, मेस, आणि चौथा रकाना 'अडीनडीस'. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने आपली मिळकत चार भागांत वाटावी, एक उपभोगास, दोन उद्योगधंद्यात, आणि चौथा संकटकाळासाठी राखावा, असे सांगितले आहे. या गृहस्थांनी त्या सुत्ताचे नावही ऐकलेले नव्हते. वही त्यांच्या वडिलांनी शिकविलेली. त्या चौथ्या रकान्यावर त्यांनी स्वतःचे चार महिने काढलेच, वर खोलीतल्या दोघा निराधारांस जेवूही घातले. गावाहून आणलेल्या हुलग्यांचे माडगे ते असे करीत की आम्ही तपासणीच्या निमित्ताने दोनदा जेवून आलो.

येथवर ऐकून आपणांस वाटेल की गोष्ट संपली. उधळ्या मनुष्य दुःखी झाला, काटकसरी सुखी झाला. आम्हांसही आठवडाभर तसेच वाटत होते. मग फिटरांची रक्तशर्करा तपासली. ती चारशेच्या वर होती. विचारपूस करता कळले की मधुमेहाच्या गोळ्या ते गेली दोन वर्षे अर्ध्या तोडून घेत होते. दुपारचे जेवण तर त्याहून आधी सुटलेले. रकाना भरत होता तो असा. आम्ही त्यांना रागावलो. ते हसून म्हणाले, "साहेब, शरीराचं काय, ते चालतंय."

आम्ही दोघांचे वैद्य, आणि तिसरा रोगी आम्हीच होतो. गावाकडे घर असताना नागपुरात एक सदनिका आणि तिच्यापाठोपाठ पुण्यात दुसरी, असा आमचा संसार वाढलेला. त्या एप्रिलमध्ये आमचा स्वतःचा रक्तदाब एकशेसाठ-शंभर झाला होता आणि रुग्णांना झोपेचे नियम सांगणारे आम्ही पहाटे चारपर्यंत आकडेमोड करीत बसत होतो. आईचा रोज फोन येई. रोज तेच तीन प्रश्न : काय खाल्लं, झोप लागली का, कोणाशी बोललास. आम्ही तिला एकदा चिडून म्हणालो की आई, येथे केवढे प्रश्न आहेत आणि तू हे काय विचारतेस? ती म्हणाली, "मला तेवढेच कळतात." पुढे आमच्या लक्षात आले की आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या रुग्णांस आम्ही तेच तीन प्रश्न विचारीत होतो, केवळ त्याचे पैसे घेत होतो.

त्याच रात्रींमध्ये केव्हातरी अंगुत्तर निकायातील दीघजाणु सुत्त आम्ही पुन्हा वाचले. कोलीय कुळातील हा दीघजाणु भगवंतांकडे जातो आणि मोकळेपणाने सांगतो : आम्ही बायकामुलांच्या गराड्यात राहणारी माणसे, काशीचे चंदन लावतो, माळा घालतो, सोनेरुपे घेतो, आम्हांला झेपेल असे काही सांगा. भगवंत त्यास चंदन पुसून टाक असे म्हणत नाहीत. ते चार गोष्टी सांगतात. उट्ठान, म्हणजे कष्टाने आणि कौशल्याने मिळविणे, आरक्ख, म्हणजे मिळविलेले राखणे, कल्याणमित्तता, म्हणजे सज्जनांची संगत, आणि समजीविता. समजीविता म्हणजे तराजू धरणाऱ्याने पारडे जसे पाहावे तसे आय आणि व्यय पाहून जगणे, फार उधळून नाही आणि फार आखडूनही नाही. मिळकत थोडी आणि राहणी थोर, तो माणूस उंबरे खाणाऱ्यासारखा, असे लोक म्हणतील. झाड गदागदा हलवावयाचे, सडा पाडावयाचा आणि खावयाची चारच. उलट मिळकत मोठी आणि राहणी हलाखीची, तो भुकेने मेल्यागत मरेल, असे लोक म्हणतील.

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या उत्तरात आमच्या इमारतीतील दोघेही बसले होते. फिटरांची मिळकत मोठी नव्हती, हे आम्ही विसरत नाही. परंतु गोळी पूर्ण घेण्याइतकी होती. एकाने झाड हलविले होते, दुसऱ्याने झाडाखाली बसून उपवास केला होता, आणि आम्ही दुसऱ्यास आदर्श ठरविण्याच्या बेतात होतो. समजीवितेचा तराजू दोन्ही बाजूंना झुकू शकतो, आणि आपल्या समाजातील कर्त्या माणसाचा, विशेषतः आईचा आणि थोरल्या मुलाचा, तो दुसऱ्या बाजूस झुकण्याचा धोका अधिक, हे आम्ही वैद्यकीय मत म्हणून नोंदवितो.

तराजूचा विषय निघाला म्हणून या भूमीतील एक गोष्ट सांगतो. निर्बंध उठल्यावर आम्ही निझवा येथे फलज दारिस पाहावयास गेलो. ओमानमधील अशा पाच फलजांना २००६ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. डोंगराच्या पोटातील पाणी केवळ उताराच्या बळावर मैलोगणती आणलेले. शेतास पाणी मिळते ते वेळेच्या मापाने. दिवसा सावली मोजून आणि रात्री तारे पाहून पाळ्या ठरविण्याची रीत होती. शेताआधी पिण्याचे पाणी. प्रवाह गावात शिरतो तेथेच प्रथम माणसाने प्यावयाचे. आम्ही काठावर बसून ओंजळ भरली. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्यावर भरलेली ओंजळ ज्यांच्या घरात रोज आठवली जाते, त्यांना परक्या देशात असे पाणी पिताना काय वाटते ते येथे सांगण्याची गरज नाही. आम्ही थोडा वेळ काही बोललो नाही, एवढेच. इतक्या कोरड्या मुलुखात माणसे टिकली ती पाणी मोजून घेतल्यामुळे, आणि मोजणाऱ्याने तहान आधी भागविल्यामुळे.

संत गाडगेबाबांचे स्मरण या ओघात झाल्यावाचून राहत नाही. डोक्यावर गाडगे, हातात खराटा, अंगावर चिंध्या. कीर्तनात ते सांगत की ताट विका, भाकरी हातावर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला. ज्याने स्वतःसाठी झोपडी बांधली नाही त्याने धर्मशाळा उभारल्या. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चे आणि गाडगेबाबा गेले ते २० डिसेंबरला. एकाच्या अंगात सूट आणि दुसऱ्याच्या अंगावर चिंध्या, आणि दोघांस परस्परांविषयी नितांत आदर. पोशाखावरून साधेपणा मोजणाऱ्यांनी या दोघांस एका पारड्यात कसे घालावे ते ठरवावे.

आता थोडे घरचे. यंदाच्या जयंतीचा खर्च ठरविताना कार्यकारिणीत जो वाद झाला तो अनेकांच्या कानी गेलाच आहे. तो आम्हीच उकरून काढला होता. आमचे म्हणणे असे की २०२० साली जे आपण निरुपायाने केले ते यंदा स्वखुशीने करावे. रोषणाई नको, बारा पदार्थांचे भोजन नको. रक्कम औषध, परतीचे तिकीट आणि विद्यार्थ्यांची फी यांसाठी ठेवावी. त्यावर आपले एक तरुण अभियंता मित्र उठले. ते म्हणाले, "सर, आपल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या अंधारात सण काढले. मुलांना एक दिवस तरी दिवे पाहू द्या. साधेपणा आम्हांला आमच्या माणसाकडूनही शिकवून घ्यायचा नाही." सभा शांत झाली. आम्ही चकवाऱ्याची पंगत जाणतो, आणि तरीही त्या मुलास साध्या राहणीचा उपदेश करीत होतो. पोट भरलेल्या माणसाच्या जागी त्या क्षणी आम्हीच बसलो होतो. ते आम्हांस बोचले. परंतु २०२० च्या एप्रिलमध्ये ज्यांनी तांदूळ घेताना मान खाली घातली होती, ते चेहरेही आमच्या डोळ्यांसमोर होते. ते दिवस पुन्हा येणार नाहीत असे या वाळूवर राहणाऱ्या कोणी छातीठोकपणे सांगावे?

मतदान झाले आणि ते निसटते झाले. जमलेल्या रकमेचा चौथा भाग आपत्ती-निधीत जावा, हे मान्य झाले. त्याची वही फिटर बांधवांनी ठेवावी, हेही मान्य झाले. भोजन एका भाजीचे आणि एका गोडाचे. सभागृह आणि संगीत राहिले. दिव्यांच्या प्रश्नावर मात्र आम्ही तीन मतांनी हरलो. आपल्या डोक्यावर आज झगमगत आहेत ते दिवे म्हणजे आमचा पराभव होय. सुंदर दिसतात, हे कबूल करावयास हवे.

आमची पुण्याची सदनिका आम्ही त्याच वर्षी विकली; गावचे घर ठेवले. आई आता थकली आहे. प्रश्न तेच तीन विचारते. पर्यवेक्षक मित्रांची मोटार अद्याप आहे, क्रेडिट कार्ड एकच उरले आहे. फिटरांना पुढे नवे काम मिळाले. ते गोळी पूर्ण घेतात की नाही यावर आमचा अजून विश्वास नाही, म्हणून त्यांना दर शुक्रवारी आमच्याकडे हजेरी लावली आहे.

बाहेरच्या मेजावर आज रक्तदाब आणि शर्करा तपासण्याची व्यवस्था केली आहे. सर्वांनी, विशेषतः घरी पैसे पाठवितो म्हणून दुपारचे जेवण टाळणाऱ्यांनी, तेथे होऊन मगच पंगतीस बसावे. आजचे जेवण पिठले आणि ज्वारीच्या भाकरीचे आहे. पानात तूप आम्ही हट्टाने ठेवविले आहे, आणि ते प्रत्येकाच्या पानात पडेल. वैद्य या नात्याने एकच विनंती : एका चमच्याहून अधिक घेऊ नये.

जयभीम! नमो बुद्धाय!